माव्याचा बंदोबस्त

गुलाबाच्या एकाच कळीवर सोमवारी मी माव्याचे बेचाळीस किडे मोजले होते. आज तीन उरले होते. बाकीचे एका करड्या, काटेरी अळीने फस्त केले होते. भिंगातून तिला खाताना पाहून माळीकाकांचा जीव भांड्यात पडला. "वाचले म्हणायचे माझे गुलाब!"

तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष आले. फवारणी करायची की नाही, यावर महिनाभरात त्यांनी चार बैठका घेतल्या होत्या.

"आता औषध मारू नका," मी म्हणाले. "ही अळी मरेल आणि मावा परत येईल."

"अहो मॅडम, मावा आपोआप गेला तर समितीने काय केलं, असं नाही का विचारणार लोक?" मग माळीकाकांकडे वळून ते म्हणाले, "ठरलं! उद्या सकाळी फवारणी."