अख्तरबीची सतार

“तुला कशाला पायजे सतार?” शमशेरनं मान वर न करता विचारलं. मांडीवरच्या सतारीची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तो कानसेनं घासत होता.

“वाजवायला,” अख्तरबी म्हणाली.

दुकानात पुण्याचं गिऱ्हाईक बसलं होतं. शमशेर त्याच्याकडं बघून हसला. “ही माझी भैन. तेहतीस वर्षं दवाखान्यात लोकांना सुया टोचल्या. आता रिटायर झाली, तर तारा टोचणार म्हणती.”

गिऱ्हाईकही हसलं. अख्तरबीची कानशिलं तापली.

मिरजेच्या त्या गल्लीत त्यांच्या घरात तीन पिढ्या सतारी होत होत्या. नवव्या वर्षापासून नर्सिंगला जाईपर्यंत अख्तरबीनं सतारीचे भोपळे घासले होते. पॉलिशनं नखं काळी पडायची आणि शाळेत बाई छडी मारायच्या. पण तारेला बोट लागलं की अब्बा डोळे वटारायचे. पुढं नाइट ड्यूट्या आल्या, नवऱ्याचं आजारपण आलं, तो गेला. मे महिन्यात ती निवृत्त झाली, तेव्हा वेळ कसा घालवायचा ते जो तो तिला सांगू लागला. भावजय म्हणाली, नातवंडं सांभाळ. शेजारणीनं बागेतल्या हास्यक्लबात नेलं. तिथं हात वर करून खोटं हसताना तिला स्वतःचीच चीड आली. मग एकदा भाजी घेऊन येताना वरच्या मजल्यावरून सतार ऐकू आली आणि पिशवी हातात घेऊनच ती जिना चढली. क्लास घेणारी उत्कर्षा तिच्या मुलीच्या वयाची होती. “बसा ना मावशी,” म्हणून तिनं सतार मांडीवर दिली. पिशवीतली मेथी सुकेपर्यंत अख्तरबी उठली नाही.

आता घरी सरावाला सतार हवी होती, आणि सख्खा भाऊ परक्या माणसासमोर तिची टिंगल करत होता.

“भाई, ह्या दुकानात किती सतारी माझ्या हातनं पॉलिश झाल्यात?” ती म्हणाली. “एक तरी वाजवून बघ, असं म्हणालात कवा तुमी?”

“घासायचं काम येगळं, वाजवायचं येगळं. जा घरी.”

ती घरी गेली नाही. समोरच्या लालासाहेबांच्या सतारींच्या दुकानात शिरली. त्यांचं आणि शमशेरचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. अर्ध्या तासानं ती सतार छातीशी धरून भर दुपारी शमशेरच्या दारावरून गेली. अख्ख्या गल्लीनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी भावजय येऊन बोलून गेली, “मोठ्या भावाचं नाक कापलंस.” ईदला शमशेर आला नाही. अख्तरबीनंही शिरखुर्मा पाठवला नाही. ती रोज पहाटे उठून रागानं वाजवायची. बोटांना चिरा पडल्या. “मावशी, तार छेडायची, मारायची न्हाई,” उत्कर्षा सांगायची. अख्तरबी मान डोलवायची आणि घरी येऊन पुन्हा मारायची.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी शमशेर दारात उभा राहिला. हातात हत्यारांची पिशवी होती. सलाम नाही, दुवा नाही.

“रस्त्यापतुर ऐकू येतंय,” तो म्हणाला. “घोडी नीट बसली न्हाई हिची. त्या लालाला कवा कळणार हाय काम?”

तो खाली बसला आणि न विचारता सतार ओढून घेतली. घोडी काढली, घासली, बसवली, परत काढली. अख्तरबी भिंतीला टेकून धुमसत होती. हा माणूस चूक काढायलाच आला होता. तासाभरानं त्यानं तारा चढवल्या आणि एकेक सुरात लावली. आवाज खरंच बदलला होता. त्यामुळं तिला जास्तच राग आला.

“झालं समाधान?” ती म्हणाली. “आता वाजवून दाखवा. लालासाहेबांचं काम कसं आनि तुमचं कसं, ते कळू दे मला.”

शमशेरनं सगळ्या तारांवरून एकदा बोट फिरवलं. मग तो थांबला.

“वाजवा की.”

त्यानं सतार तिच्याकडं सरकवली.

अख्तरबी त्याच्याकडं बघत राहिली. लहानपणापासून तिनं त्याला हजारो सतारी सुरात लावताना ऐकलं होतं. एकही गत वाजवताना ऐकलं नव्हतं. हे तिच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

“मला येत न्हाई,” तो जमिनीकडं बघत म्हणाला. “अब्बा म्हणायचे, कारागिरानं सतार सुरात लावून गिऱ्हाइकाला द्यायची. वाजवायच्या नादाला लागला की हात कामातनं जातो.”

अख्तरबीचा राग गेला नव्हता, पण तो आता समोरच्या माणसावर उरला नव्हता. तिनं सतार उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“पाठ ताठ करा, भाई,” ती दरडावून म्हणाली. “आनि डावा हात हितं.”