पकड

गरगर फिरू लागलेल्या अंतराळस्थानकाबाहेर काम करताना तिचा दोर तुटला. कठड्यात पाय अडकवून उभ्या असलेल्या यंत्रमानवाने तिचं मनगट पकडलं, म्हणून ती वाचली.

"सोडू नकोस तिला!" आतून कप्तान रेडिओवर ओरडला.

सरावाच्या वेळी याच पंजाने तिचं मनगट काळंनिळं केलं होतं. तेव्हा तिनेच चिडून त्याला शिकवलं होतं, "मी 'आई गं' म्हटलं की हात सोडायचा. मग दुसरं कुणी काहीही सांगो."

स्थानकाचा वेग वाढला, तशी ती बाहेर ओढली जाऊ लागली. तिने दात घट्ट आवळून धरले. मग खांदा निखळला.

"आई गं!"

पंजा उघडला.

काळोखात दूर फेकली जाताना तिच्या कानात यंत्रमानवाचा मऊ आवाज आला, "आता दुखत नाही ना, ताई?"