आठ नंबर की नऊ

लेकीच्या पहिल्या मुलाचं बारसं झालं, त्या वर्षीची गोष्ट. गेनबा तालुक्याच्या दुकानात बूट निवडत बसले होते. घोट्यापर्यंत येणारे, मऊ कातड्याचे, दोनच भोकांचे. त्यांच्या लेकाला, सुदामला, तसलेच हवे होते आणि ते आपले "दिवाळीला घेऊ" म्हणत राहिले होते.

दुकानदारानं विचारलं, "बाबा, नंबर?"

गेनबा गोंधळले. उद्या सुदामचं तेरावं. त्याच्या नावानं जावयाला बूट द्यायचे, म्हणजे ते सुदामला पोचतात. सुदामचा पाय नऊ नंबरचा, जावयाचा आठ. आठचे घेतले तर लेकाला चावणार, नऊचे घेतले तर जावयाच्या पायातून निघणार. त्यांनी दोन्ही जोड मांडीवर घेतले, खाली ठेवले, पुन्हा उचलले.

"अहो, घालणार कोण, ते तरी सांगा!"

"तेच कळंना झालंय, शेठ."

शेवटी त्यांनी नऊचे पुढं सरकवले. "हेच बांधा. जावई पुढं कापसाचा बोळा घालंल. सुदामला चावले, तर तो सांगणार कुणाला?"

सुदाम तापानं वारला, तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.