पाण्याकडे पाठ

छप्पन साली नागपूरची राजधानी गेली आणि कारकून मधुसूदनला मुंबईला बदलीचा हुकूम आला. समुद्राच्या नावानेच त्याच्या बायकोची, चारुशीलेची, झोप उडाली. तिची भीती जावी म्हणून त्याने कचेरीतलं जुनं विलायती चित्र घरी आणलं. सव्वाशे वर्षांपूर्वी कोण्या गोऱ्याने पेन्सिलीने काढलेलं.

“बघ, समुद्रावर लोक कसे निवांत बसले आहेत. छत्र्या, टोप्या, खाण्याची टोपली. तू काहून भिऊन राहिली?”

धाकटीला मांडीवर घेऊन ती चित्रावर वाकली. मग लाटांमधल्या एका बारीक ठिपक्यावर तिने बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

“पक्षी असेल.”

“डोकं आहे, अहो. लहान लेकराचं.”

मधुसूदनने चष्मा पुसून पाहिलं. नऊ वर्षं हे चित्र त्याच्या टेबलासमोर टांगलेलं होतं. डोकंच होतं, आणि वर केलेला एक हात. वाळूवरचे सगळे टोपलीभोवती हसत बसलेले, पाण्याकडे पाठ करून.

“खेळून राहिलं असेल पाण्यात,” तो म्हणाला.

चारुशीलेने धाकटीला छातीशी आवळलं.

“त्या दिवशी अंबाझरी तलावावर, मोठी कुठे आहे म्हणून मी विचारलं, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाले होते. आणि निखाऱ्यावरचे रोडगे जळतील म्हणून आपण कोणीच मागे वळून पाहिलं नाही.”