विसरभोळे पाटणकर

"लतिका, यार, रोस्ट चाहिए, श्रद्धांजली नहीं," असं म्हणत ऑफिसातल्या चिरागनं तिच्या भाषणाचा कागद परत केला.

त्याचंही खरं होतं. पाटणकर सर वेळेवर येतात, आवाज चढवत नाहीत, कित्येक वर्षांपूर्वीच्या ट्रकचा नंबरही तोंडपाठ सांगतात. असलं ऐकून शनिवारच्या निरोपसमारंभात कोण हसणार होतं?

"घरी जाऊन त्यांच्या बायकोला विचार," चिराग म्हणाला. "तू भी मराठी, वो भी मराठी. नवऱ्याची टिंगल करायला बायकोइतकं कुणाला जमतं?"

फरीदाबादच्या त्या कारखान्यातून माल बाहेर पाठवायचं सगळं काम मुरलीधर पाटणकर पाहत. निवृत्तीला अजून चार वर्षं होती आणि अचानक त्यांनी राजीनामा दिला होता. कारण त्यांनी सांगितलं नाही, म्हणून कँटीननं शोधून काढलं. मागच्या वर्षी एक खेप भलत्याच गावी गेली होती. म्हातारा विसरायला लागलाय, मालकांनी हळूच दार दाखवलं, असं जो तो कुजबुजत होता. लतिकाला ते पटत नव्हतं. पुण्याहून ती इथं नवी आली तेव्हा सरांनीच तिला काम शिकवलं होतं.

शुभदाकाकूंनी दार उघडलं ते हसतच. "आमच्या ह्यांची फजिती सांगू? बस, बस. दिवस पुरायचा नाही!"

लतिका ऐकत गेली आणि तिचा गोंधळ वाढत गेला.

हे चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवतात. कुकर चढवून खाली फिरायला जातात. कामवालीला रोज नव्यानं नाव विचारतात. "ती बिचारी रोज सांगते, शेवंता. हे म्हणतात, वा, छान नाव आहे!"

"सर? आमचे सर?"

"अगं, ऑफिसातले निराळे गं. आणि हे ऐक. एकदा निघाले कोथिंबीर आणायला आणि सापडले कुठं, तर थेट दिल्लीत, आर. के. पुरमला! माझ्या बाबांच्या जुन्या सरकारी क्वार्टरपाशी. बाबा जाऊन किती वर्षं झाली! तिथल्या लोकांना म्हणे, दार उघडा, जेवायची वेळ झाली."

काकू डोळे पुसून पुसून हसल्या. लतिकाही हसली. पहिला चहा संपतो न संपतो तोच दुसरा समोर आला. सरही मूळचे पुण्याचे, आणि पुणेकराच्या घरी न मागता दुसरा चहा, याचंच तिला नवल वाटलं. दोन्हींत साखर नव्हती, पण ती बोलली नाही. कप ठेवायला आत गेली, तर ओट्यावरच्या डब्याडब्यावर सरांच्या गोल अक्षरात चिठ्ठ्या होत्या. मीठ. साखर. शेगडीच्या वर मोठ्या अक्षरात, गॅस बंद केला?

म्हणजे काकू खरंच सांगत होत्या.

तिनं भाषण लिहिलं. झकास झालं होतं, आणि तेच तिला खुपत होतं. हे बोललं तर कँटीनचं म्हणणं आपणच खरं ठरवल्यासारखं. इतक्या वर्षांचं नाव, एका संध्याकाळच्या हसण्यात जायचं. शेवटी कागद घेऊन ती सरांकडेच गेली.

सरांनी तो उभ्यानंच वाचला. आर. के. पुरमच्या ओळीपाशी ते बराच वेळ थांबले.

"हे सगळं शुभदानं सांगितलं?"

"हो, सर. नको असेल तर काढते. लोक आधीच काहीबाही..."

"बोलताना हसत होती?"

"खूप."

"मग एक शब्द काढायचा नाही," कागद नीट घडी घालून देत सर म्हणाले. "माझ्याच नावावर खपव सगळं. बिल्कुल."

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला होता. लतिकानं सुरुवात केली आणि तांदळाच्या डब्यापासूनच हशा पिकला. शेवंताच्या नावाला लोक टेबलं बडवू लागले. "आणि पूर्ण दिल्लीत हा एकच जावई," ती शेवटी म्हणाली, "जो सासरा नसतानाही सासुरवाडीला जेवायला जातो!"

टाळ्या थांबेनात. काकूंनी सरांच्या दंडावर चापट मारली. "सांगितलं ना मी!" सर उठले, दोन्ही कान पकडले आणि साऱ्या हॉलला म्हणाले, "गुनाह कबूल!"

मागच्या रांगेत कुणीतरी कुणाच्या कानाला लागलं. "देखा? मैं न कहता था?" ते लतिकापर्यंत पोचलं. सरांनीही ते ऐकलं होतं. ते तसेच हसत राहिले.

समारंभ आटोपल्यावर सर गाडी काढायला गेले. "दोन मिनिटं हिच्यापाशी थांबशील? हात सोडू नकोस," ते लतिकाला म्हणाले. काकूंच्या खांद्यावर शाल होती, हातात सरांना मिळालेला पुष्पगुच्छ. फाटकाबाहेर अंधारून आलं होतं.

"काकू, सरांना राग नाही ना आला?"

गाडी समोर येऊन थांबली. सर उतरले आणि काकूंसाठी दार उघडून उभे राहिले. काकू थोडा वेळ त्यांच्याकडे निरखून पाहत राहिल्या, मग लतिकाचा हात घट्ट धरून तिच्या कानाशी झुकल्या.

"मुली, हे गृहस्थ भले दिसतात. विचार ना त्यांना, मला आर. के. पुरमला सोडतील का? बाबा जेवायचे थांबले असतील."