आग्रहाचं जेवण

"आज माज्या आग्रहापुढं कोन न्हाई म्हनतंय तेच बघतो," हॉटेलच्या दारात टोपी नीट करत बिभीषण बायकोला, रतनबाईंना, म्हणाला.

तसं म्हणायला त्याला आधार होता. तिसगावच्या पंचक्रोशीत पंगतीत वाढावं तर बिभीषणनं. हातात बुंदीची परात घेऊन तो समोर उभा राहिला की रुसलेला जावईही पाघळायचा. ताटावर आडवा धरलेला हात हळूच बाजूला करून दोन मुठी वाढायच्या, ही कला त्याची एकट्याची.

आज ती कला पोटच्या पोरासाठी लागणार होती. कल्याणला चौतिसावं लागलं होतं. अकरा ठिकाणांहून नकार आला होता. कुणाला पुण्यात फ्लॅट हवा होता, कुणाला सासू-सासरे नको होते. एकांनी तर पोरगा पसंत आहे, घराकडं येणारा रस्ता पसंत नाही, असं कळवलं होतं. रतनबाईंनी तेव्हापासून देवापुढं हात जोडणं सोडून नुसतं बघत बसायला सुरुवात केली होती.

हे बारावं ठिकाण मच्छिंद्र मध्यस्थानं आणलं होतं. पन्नास गावच्या सोयरिकी त्याच्या मोबाईलमध्ये. त्याचे नियम कडक होते. पहिल्या भेटीला फक्त थोरली माणसं. फोटो मागायचा नाही. नावही सांगायचं नाही, कारण नाव कळलं की लोक लगेच मोबाईलवर शोधतात आणि ट्रॅक्टरवरचे फोटो बघून नकार देतात. जागा दोघांना सोयीची, नगरच्या बायपासची. तो स्वतः मात्र आला नव्हता. दुसऱ्या बोलणीत अडकलोय, तुमचं तुम्ही ओळख करून घ्या, असं त्यानं फोनवर सांगितलं.

सुप्याचे सूर्यभानराव आणि विजयमालाबाई आधीच येऊन बसले होते. बिभीषण दिसताच दोघंही उठून उभे राहिले आणि वाकून नमस्कार केला. अकरा ठिकाणी बिभीषणला बसायलासुद्धा कुणी लवकर सांगितलं नव्हतं. त्याला भरून आलं.

मग तो वाढप्याची वाट बघत बसला. दहा मिनिटं झाली तरी कुणी फिरकेना. शेवटी तो काउंटरवर गेला, तेव्हा तिथल्या बाईनं मान वर न करता सांगितलं, "इथं कोणी वाढत नाही काका. टोकन घ्या. नंबर आला की आपलं ताट आपण न्यायचं."

पाहुण्यांनी आपलं ताट आपण न्यायचं, हे बिभीषणनं फक्त जेलबद्दल ऐकलं होतं.

त्यानं चार पिठलं-भाकरी थाळ्यांचं टोकन घेतलं. परत आला तर सूर्यभानरावांची खुर्ची रिकामी. बिभीषणला त्रास नको म्हणून तेही गुपचूप दुसऱ्या रांगेत जाऊन चार थाळ्या सांगून आले होते. एक्केचाळीस आणि बेचाळीस असे दोन्ही नंबर एकदमच पुकारले गेले. चार माणसांच्या टेबलावर आठ थाळ्या आल्या. पाण्याचे तांबे खाली फरशीवर ठेवावे लागले.

भिंतीवरच्या चित्रात भाकरी टम्म फुगलेली होती. ताटातली मोडताना आवाज झाला. पिठलं गार, वर साय धरलेलं. ठेचा औषधाच्या मापाएवढ्या कागदी वाटीत, आणि गोड.

बिभीषणनं हार मानली नाही. जास्तीच्या ताटातलं पिठलं चमच्यात घेऊन त्यानं सूर्यभानरावांकडं हात नेला. सूर्यभानरावही नेमका तसाच चमचा भरून त्याच्याकडं येत होते. दोन्ही चमचे मध्येच आपटले आणि पिठलं विजयमालाबाईंच्या पदरावर पडलं. साडीची घडी आजच मोडली होती.

"असू द्या. जुनीच हाय," त्या म्हणाल्या.

बारावंही गेलं, असं बिभीषणला वाटलं. आता जे काही होतं ते जिभेवरच होतं.

"आमचं लेकरू लई साधं हाय बघा," तो म्हणाला. "वर मान करून बोलत न्हाई. सैपाक येतो, धुनं येतं."

"आमचं बी तसंच," सूर्यभानराव म्हणाले. "कंपनीत जातं. आल्यावर आईला भांडी घासू लागतं. मोबाईल दिला तर म्हनतं, तुमीच ठेवा."

रतनबाईंनी हळूच विचारलं की तुमच्या काही अटी असतील तर आत्ताच सांगा. फ्लॅटबद्दल विचारायला त्यांना धीर झाला नाही.

विजयमालाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पिठल्याचा होता, म्हणून दुसरं टोक शोधून लावला. "आमची कसली अट? लेकराला हळद लागलेली बघायची, बास. लई लोकांनी आशेला लावलं."

बिभीषण थक्क झाला. मुलीकडची माणसं, आणि एवढी गरीब वाणी. मुलीकडच्यांनासुद्धा लोक आशेला लावतात हे त्याला नवीन होतं. यांना तरी आपण कधी दुखवायचं नाही, असं त्यानं मनात ठरवून टाकलं.

तो कसाबसा म्हणाला, "आज जेवनाचं लई वाईट झालं. मला तुमाला हातानं वाढायचं हुतं."

सूर्यभानरावांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "जेवनाचं काय घिऊन बसलात इवाई. मानसं पटली. आमच्याकडनं होकार हाय."

इवाई. अकरा ठिकाणी हा शब्द कुणी काढला नव्हता. रतनबाईंनी तोंडाला पदर लावला आणि आठ थाळ्यांपुढं बसून त्या मुकाट रडायला लागल्या.

सूर्यभानरावांनी बायकोला खुणेनं उठवलं. दोघांनी बिभीषणपुढं हात जोडले.

"मग पोरगी बघायला तिसगावला आमी कधी येऊ?" सूर्यभानरावांनी विचारलं.