बेबी चारूचा नातू

"आई, तुम्हीच सांगा ना त्याच्या कानात," नमिता तिसऱ्यांदा म्हणाली. "तुम्हाला जसं रडवायचे, तसंच."

"माझ्या हातून ते पाप व्हायचं नाही," चारुलता म्हणाली आणि तिने सुनेकडे पाठ फिरवली.

अल रय्यानच्या स्टुडिओत सकाळपासून स्टेडियमची खोटी गॅलरी उभी होती. इथल्या फुटबॉल वर्ल्ड कपला चार महिने उरले होते आणि जो तो जाहिराती काढत सुटला होता. या जाहिरातीत एक मुलगा मॅचला बाबांची वाट बघून रडतो आणि तेवढ्यात बाबा येतात. मुलगा म्हणजे चारुलताचा आठ वर्षांचा नातू, कुशल. त्याला रडूच येत नव्हतं. दोनदा ग्लिसरीन घालून झालं. डोळे लाल झाले, चेहरा मात्र ढिम्म. दुपारपर्यंत जमलं नाही तर दुसरा मुलगा तयार होता, आणि चारुलता मनातून त्या दुसऱ्या मुलाच्याच बाजूने होती. आपला नातू बेबी चारू होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

साठ वर्षांपूर्वी ती स्वतः सिनेमातली बेबी चारू होती. रडण्याचा सीन आला की तिची आई कानाशी वाकून म्हणायची, "चारू, तुझे बाबा गेले." चारू हंबरडा फोडायची. एका टेकमध्ये ओके. मग हातात पेढा, आणि घरी जावं तर बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेले. सात सिनेमांत ते सात वेळा गेले. आठव्यांदा खरंच गेले, तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ती पेढ्याची वाट बघत उभी राहिली. आईला तिने ते कधीच माफ केलं नाही.

नमिताला हे सांगितलं, हीच चूक झाली. सून ऐकताना हळहळली आणि नेमकं नको तेवढंच तिने लक्षात ठेवलं.

नमिताचा फोन वाजला. "दुखानच्या प्लांटवरून संपतचा आहे," म्हणत ती बाहेर गेली.

म्हणजे शौनकला उशीर होणार. रात्रपाळी संपवून तो थेट इथे यायचा होता. उशीर झाला की चारुलताचा हा लेक बायकोला स्वतः फोन करायला घाबरायचा, हाताखालच्या फिटरला, या संपतला, करायला लावायचा. चारुलताला हसू आलं.

नमिता परत आली ती पांढरीफटक पडून. भिंतीला धरत कुशलपर्यंत गेली, मटकन खाली बसली आणि त्याला घट्ट जवळ घेऊन कानात काहीतरी बोलली. सुनेला इतका चांगला अभिनय येत असेल असं चारुलताला कधी वाटलं नव्हतं.

कुशलने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो असा रडला, की लाइटवाल्यांनी माना खाली घातल्या. दिग्दर्शकाने हळूच बोट वर केलं. कॅमेरा कुशलच्या चेहऱ्याजवळ सरकला.

"कट. ब्युटिफुल. खलास," दिग्दर्शक म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी चारुलताचं डोकं फिरलं. तरातरा जाऊन तिने पोराला सुनेच्या मिठीतून ओढून घेतलं.

"काय सांगितलंस त्याला?"

"आई, ऐका..."

"एक शब्द बोलू नकोस. लाज नाही वाटली?"

"आजी," कुशल हुंदके देत म्हणाला, "मम्मा सेज पप्पा इज डेड."

"खोटं आहे ते, राजा. रडवायला असं सांगतात. मलाही सांगायचे. पप्पा मजेत आहे तुझा."

"प्रॉमिस?"

"तुझी शपथ."

कुशलने बाहीने डोळे पुसले आणि तो हसला. जमिनीवर बसलेली नमिता हात वर करून सासूला थांबवू बघत होती. चारुलताने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"थांब, त्यालाच बोलायला लावते." तिने शौनकचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन पोराच्या हातात दिला.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"पप्पा!" कुशल ओरडला.



"बाळा, संपतकाका बोलतोय. फोन आजीकडं दे," पलीकडून आवाज आला. "काकू, वैनींनी सांगितलं न्हाई व्हय तुमास्नी अजून?"